बघू की नको, तेवढंच सांगा

“ताई, स्टोरी नका ना सांगू. बघू की नको, तेवढंच सांगा.”

आमच्या डब्यातली सगळ्यात लहान मुलगी हे म्हणाली आणि म्हणताना तिने खरोखरच दोन्ही कानांवर हात ठेवले. संध्याकाळची ठाणे स्लो होती, भायखळा नुकतंच गेलं होतं. समोरच्या बाकावरच्या ताई बऱ्याच महिन्यांनी थिएटरात जाऊन एक मराठी सिनेमा बघून आल्या होत्या. मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडता निवडता त्यांनी सुरुवात केली, “अगं, सुरुवातीलाच तो मुलगा रात्री उशिरा घरी येतो ना...” आणि तिथेच त्यांना थांबवलं गेलं. त्या हसल्या. “बघ, बघ. चांगला आहे,” म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या. मुलीने मोबाईल काढून शोच्या वेळा बघितल्या, चिंचपोकळी आलं, विषय संपला. कोणी कोणाला दुखावलं नव्हतं, भांडण नव्हतं, तरी मला घरी पोचेपर्यंत आणि नंतरही काही दिवस ते खुपत राहिलं. कारण सिनेमा चांगला की वाईट हे ताई सांगतच नव्हत्या. त्यांना त्या रात्री उशिरा येणाऱ्या मुलाबद्दल काहीतरी बोलायचं होतं. ‘चांगला आहे’ हे त्यांनी आमच्या सोयीसाठी दिलेलं उत्तर होतं.

सिनेमावर आमच्या डब्यात सतत बोललं जातं. शुक्रवारी रात्री ग्रुपवर पहिला मेसेज येतो आणि सोमवारी सकाळच्या गाडीपर्यंत निकाल लागलेला असतो. पैसा वसूल. टाइमपास. एकदा बघायला हरकत नाही. डोकं घरी ठेवून जा. घाई नको, ओटीटीवर येईलच. मला ही बोली आवडते, तिच्यात मुंबईचा रोकडा हिशेब आहे. तिकीट, पॉपकॉर्न, रिक्षा आणि आठवड्यातला एकुलता एक रविवार इतकं सगळं पणाला लावायचं असेल तर माणूस आधी विचारणारच. पण ऐकता ऐकता हेही लक्षात यायला लागलं की आमची मतं किती ठरलेल्या वाटेने जातात. ‘इंटरव्हलपर्यंत मस्त, नंतर ताणलाय’ हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक सिनेमाबद्दल ऐकलंय. आपण सिनेमा दोन तुकड्यांत बघतो, म्हणून आपलं मतही दोन तुकड्यांत येतं. इंग्रजी सिनेमात मुळात इंटरव्हल नसतं. आपल्याकडचं थिएटर तो मध्येच कुठेतरी थांबवून दिवे लावतं, आणि तरीही बाहेर पडताना आपण म्हणतो, सेकंड हाफ ढिला आहे. शिवाय आता कलेक्शन. पहिल्या दिवशी किती कोटी, वीकेंडला किती, खर्च निघाला का. दुसऱ्याच्या गल्ल्याची इतकी आस्था आपल्याला कधीपासून वाटायला लागली? कोटींचा आकडा सांगून झाला की सिनेमात माणसं होती, ती काही करत होती, याबद्दल बोलायला कोणाकडे फारसं काही उरलेलं नसतं.

मी ज्या घरात वाढले तिथे सिनेमाचं मत कोणी विचारत नसे. सिनेमा सांगितला जायचा.

गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक आत्या राहायची. नेमकी कोणाची आत्या हे सांगायला जुन्या बिऱ्हाडकरूंनाही विचार करावा लागे. ती सगळ्यांचीच आत्या होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लग्न केलं नव्हतं, धाकट्या भावांची शिक्षणं तिच्या पगारावर झाली होती. स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या मर्जीने, एकटीने सिनेमाला जाणारी चाळीतली ती एकच बाई. सेंट्रल, रॉक्सी, ऑपेरा हाऊस आणि पलीकडे लॅमिंग्टन रोडवर ओळीने उभी असलेली थिएटरं, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. सकाळची शिफ्ट संपली की ती परस्पर मॅटिनी गाठायची. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बायका गॅलरीत तांदूळ निवडायला किंवा वाती वळायला बसल्या की आत्या पाय दुमडून कठड्याला टेकायची आणि कालचा सिनेमा सुरू करायची. अगदी नावांपासून. संगीत कोणाचं, गीतं कोणाची, मग पडद्यावर आधी काय दिसतं, वाडा की रस्ता की समुद्र. गाणं आलं की धृवपद म्हणायची आणि ‘पुढे दोन कडवी आहेत, ती सोडते’ म्हणून पुढे जायची. नायिकेची साडी अंजिरी, काठ मोरपंखी. खलनायकाच्या बुटांचा आवाज ती लाकडी फरशीवर बोटांच्या पेरांनी काढायची. मध्येच थिएटरातलंही यायचं: शेजारची पारशी म्हातारी कुठे रडली, वरच्या बाल्कनीतून कोण ओरडलं, रीळ तुटल्यावर पोरांनी कशा शिट्ट्या मारल्या. इंटरव्हल झालं की ती खरंच उठायची, आत जाऊन चहा टाकायची, आणि आम्ही पोरं पुढे काय होणार यावर भांडत तिथेच बसून राहायचो. अडीच तासांचा सिनेमा दोन संध्याकाळी पुरायचा.

त्या काळी थिएटरच्या दारात सिनेमाच्या चोपड्या मिळायच्या. पातळ, स्वस्त कागदाच्या, आत गाणी आणि थोडक्यात कथा. ती कथा ऐन मोक्याच्या जागी थांबायची आणि खाली छापलेलं असायचं की पुढे काय होतं ते रुपेरी पडद्यावर पाहा. म्हणजे गोष्ट राखून ठेवायची काळजी निर्मात्यांना तेव्हाही होतीच. पण चोपडी जिथे थांबायची तिथून पुढे आत्या सांगायची, आणि गॅलरीतल्या बायकांना तेच हवं असायचं. त्यातल्या बहुतेकींना तो सिनेमा कधीच बघायला मिळणार नव्हता. कोणाची सासू अंथरुणाला खिळलेली, कोणाकडे महिन्याच्या वीस तारखेनंतर भाजीचीही ओढाताण. आणि गंमत म्हणजे ज्यांना बघायला मिळणार होता, त्याही आधी आत्याकडून ऐकून मगच जायच्या, आणि परत येऊन म्हणायच्या, “तू सांगितलंस ते बरोबर तसंच आहे हो, फक्त ती दाराशी उभी राहते ते तू लवकर उरकलंस.” सगळं माहीत असूनही त्या दाराशी उभ्या राहणाऱ्या बाईला बघायला जाणं, यात त्यांना काही कमी वाटत नव्हतं.

आणि गिरगावात तरी हे नवं कसं असणार. आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन थिएटरात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा तिकीट काढून आत गेलेल्या कुठल्या माणसाला पुढे काय होणार हे ठाऊक नव्हतं? राज्य जाणार, तारामती विकली जाणार, शेवटी देव प्रकट होणार. कीर्तनात, पुराणात, आजीच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. आपल्या सिनेमाची सुरुवातच सगळ्यांना शेवट माहीत असलेल्या गोष्टीने झाली आहे. लोक गेले ते राजा हलताना बघायला. मूकपटात मध्ये मध्ये पाट्या यायच्या, एकाहून अधिक भाषांत लिहिलेल्या, आणि ज्याला वाचता येई तो शेजारच्यांसाठी मोठ्याने वाचायचा. पुढे १४ मार्च १९३१ ला याच गिरगावात, मॅजेस्टिकला, ‘आलम आरा’ लागला आणि पडदाच बोलायला लागला, तशी त्या वाचणाऱ्या शेजाऱ्याची गरज संपली. मला त्याच्याबद्दल नेहमी कुतूहल वाटतं. तो पाटीवर होतं तेवढंच वाचत असेल का? की एखादा शब्द आपल्या पदरचा घालत असेल?

हा प्रश्न मला पडायला कारण आहे. आत्याने सांगितलेल्या सिनेमांपैकी एक माझ्या मनात फार खोल गेला होता. थोरली बहीण, दोन भाऊ, बहिणीच्या कष्टांवर उभं राहिलेलं घर, मग नव्या वहिनीचं येणं. आत्याच्या सांगण्यात शेवटी ती बहीण किल्ल्यांचा जुडगा देवापाशी ठेवते, एक पिशवी भरते, कोणाशी भांडत नाही, बोरीबंदरला येते आणि नाशिकच्या गाडीत बसते. गाडीत गर्दी असते, पण तिला खिडकीजवळची जागा मिळते. कसाऱ्याच्या घाटात गार वारा लागतो, तिचे केस उडतात, ती ते बांधत नाही. समाप्त. आम्ही मुली हे ऐकून कितीतरी वेळ गप्प बसलो होतो. नंतर बऱ्याच वर्षांनी शनिवारी संध्याकाळी मुंबई दूरदर्शनवर मराठी चित्रपट असायचा, त्यात एकदा तो लागला. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरात आम्ही दाटीवाटीने बसलो. मी डोळे लावून नाशिकच्या गाडीची वाट बघत होते. गाडी आलीच नाही. धाकटा भाऊ बहिणीच्या पाया पडला, वहिनीने पदराने डोळे टिपले, सगळ्यांनी मिळून आरती म्हटली आणि सिनेमा संपला. बहीण कुठेही गेली नाही. अंजिरी साडी टीव्हीवर राखाडी दिसत होती; तेव्हाचा टीव्ही तसाच, म्हणून त्याचं काही वाटलं नाही. मूळ सिनेमाच कृष्णधवल होता, हे मला त्याहून पुष्कळ पुढे कळलं.

तिने रंगही स्वतःचे भरले होते.

कॉलेजात गेल्यावर सिनेमाबद्दल बोलण्याची आणखी एक तऱ्हा मला भेटली. १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळाने, सुधीर नांदगावकर आणि त्यांच्या सोबत्यांनी, मुंबईतल्या मराठी माणसाला जगभरचा सिनेमा बघायची सवय लावली, त्याचा फायदा माझ्या पिढीलाही झाला. जपानी, पोलिश, पुढे इराणी. कॅमेरा कुठे ठेवला आहे, माणूस चौकटीच्या कडेला का उभा केला आहे, आवाज आधी आणि चित्र नंतर का येतं, हे मी तिथे बघायला शिकले, आणि ते शिकल्याचं मला फार मोल वाटतं. पण त्या वर्षांत ऐकलेलं एक बोलणं मात्र कॅमेऱ्याबद्दलचं नव्हतं. अशाच एका खेळानंतरच्या चर्चेत बराच वेळ शैली, लय, प्रतीकं असं चाललं होतं. मागे बसलेल्या एका वयस्क बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मला फक्त एवढं विचारायचंय, त्या म्हातारीला शेवटी जेवायला मिळालं की नाही?” क्षणभर कोणाला काही सुचेना. मग चर्चा चालवणारे गृहस्थ म्हणाले, “चला, यावर बोलू.” आणि त्या संध्याकाळचं सगळ्यात चांगलं बोलणं त्यानंतर झालं. दिग्दर्शकाने ताट दाखवलं होतं, घास दाखवला नव्हता. का दाखवला नसेल? बाईंच्या प्रश्नाशिवाय आम्ही तिथपर्यंत पोचलोच नसतो.

आमच्या डब्यातल्या मुलीवर मी अन्याय करणार नाही. तिची बाजू मला नीट कळते. ती लॅबमध्ये काम करते, पगार बेताचा, मल्टिप्लेक्सचं तिकीट आणि खाणं धरलं की दिवसाची कमाई जाते. आणि सिनेमा लागायच्या आधीच तिला त्यातलं किती दाखवून झालेलं असतं. टीझर, ट्रेलर, गाण्यांचे तुकडे, नायक-नायिकेच्या मुलाखती, रीलवर तीच पावलं नाचणारे हजार लोक. हे सगळं तिच्या परवानगीशिवाय तिच्या हातातल्या फोनवर येतं. तिच्यासाठी उरलेलं असतं ते फक्त शेवटच्या अर्ध्या तासाचं न पाहिलेपण, आणि तेवढं ती जिवाच्या आकांताने जपते. खुनाचा सिनेमा असेल तर मीही कोणाला खुनी सांगणार नाही. पण मला वाईट याचं वाटतं की कंपन्यांना ती थांबवू शकत नाही, म्हणून थांबवते ती समोर बसलेल्या ताईंना.

आणि कळल्याने खरंच किती बिघडतं? ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला. मी गेले तोवर शेवट माझ्या कानावर आलेला होता. ज्या रांगांमधून ‘झिंगाट’ला पोरंपोरी उठून नाचली, त्याच रांगा शेवटच्या प्रसंगात, पडद्यावरचा सगळा आवाज बंद झाल्यावर, जागच्या जागी थिजल्या. मला काय येणार हे ठाऊक होतं आणि तरी ते लहान पाऊल दारातून बाहेर पडताना माझ्या हातापायातलं बळ गेलं. मराठा मंदिरला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ २० ऑक्टोबर १९९५ पासून, लॉकडाऊनचा खंड सोडला तर, चालूच आहे. एसटी स्टँड आणि मुंबई सेंट्रल समोर, हातात बॅगा घेऊन लोक मॅटिनीला येतात. तिथे एकदा जाऊन बसा. माझ्या मागच्या रांगेतला माणूस संवाद पडद्याच्या आधी म्हणत होता, आणि गाडी सुटायच्या प्रसंगाला तोच माणूस पुढे सरकून बसला होता.

ताईंचं राहून गेलेलं बोलणं मी पुढच्याच आठवड्यात विचारून घेतलं. मुलगी त्या दिवशी आली नव्हती. कुर्ला गेलं, थोडी जागा झाली, मी त्यांच्या शेजारी सरकले आणि म्हटलं, “ताई, त्या दिवशी तुम्ही सांगत होतात, तो मुलगा रात्री उशिरा येतो, मग?” त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, थट्टा करते आहे का ते. मग म्हणाल्या, “तो येतो ना, दिवा नाही लावत. ओट्यावर ताट झाकून ठेवलेलं असतं. तो तिथेच उभ्याने जेवतो, अंधारात. आणि आई तिकडे पडलेली असते, भिंतीकडे तोंड करून. ती जागी असते गं. तिची बोटं दाखवलीत, चादर धरलेली.” विद्याविहार आलं, गेलं. “माझा मुलगा असाच येतो. कंपनी बंद पडली त्याची, आता मिळेल ते काम करतो. मी उठले तर त्याला बोलावं लागेल. म्हणून मी झोपेचं सोंग घेते. मला वाटायचं, असं मीच करते.”

घाटकोपरला बायका चढल्या, आम्ही दोघी खिडकीकडे दाबल्या गेलो, आणि पुढे विक्रोळीपर्यंत त्या त्यांच्या मुलाबद्दल बोलत राहिल्या. सिनेमा पुढे कसा जातो हे त्यांनी मला सांगितलंच नाही, मीही विचारलं नाही. इतकी वर्षं एका डब्यात बसून मला त्यांच्या घरातलं हे माहीत नव्हतं. एरवी सरळ विचारलं असतं तर त्यांनी ‘बरं चाललंय’ म्हटलं असतं.

मी तो सिनेमा बघितला, दुपारच्या खेळाला, फारशी माणसं नव्हती. सिनेमा मला पूर्ण पटला नाही. मुलाचं लग्न ठरतं तो भाग उगाच आहे आणि पार्श्वसंगीत प्रत्येक ठिकाणी आधीच रडायला लागतं. पण ताटाचा तो प्रसंग आला आणि मी श्वास रोखून चादरीवरची बोटं शोधली. आहेत. अर्ध्या मिनिटाचाही प्रसंग नसेल, कॅमेरा तिथे रेंगाळतही नाही. कोणी सांगितलं नसतं तर मी ते ताट बघत बसले असते आणि आई निसटून गेली असती.

तेव्हापासून मी माणसांना सिनेमा कसा होता हे विचारणं सोडलं आहे. ‘त्यात काय होतं?’ असं विचारते, आणि मग थांबते. सुरुवातीला लोक ठरलेलंच सांगतात, अभिनय छान, गाणी बरी. आणखी थोडं थांबलं की काहीतरी वेगळं येतं. ऑफिसातल्या शिपाई मामांनी एका मोठ्या हाणामारीच्या सिनेमातलं मला फक्त एवढं सांगितलं की नायकाच्या बापाचा शर्ट शेवटपर्यंत तोच असतो. माझ्या भाचीने एका प्रेमकथेतलं स्वयंपाकघर सांगितलं, कारण त्याला गच्चीत उघडणारं दार होतं आणि ती सध्या तिघींबरोबर एका खोलीत राहते.

परवा आत्याकडे गेले होते. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा ती दहिसरला पुतण्याकडे राहायला गेली. आता पंच्याऐंशीच्या पुढची असेल, गुडघे गेलेत, कान मात्र तल्लख, टेलिफोनचे. सूनबाईंनी थालीपिठं केली होती. टीव्हीवर कुठलासा सिनेमा चालू होता, तिचं लक्ष नव्हतं. मी इतक्या वर्षांनी तिला तो सिनेमा आठवतो का विचारलं, थोरल्या बहिणीचा. आठवत होता, गाण्याच्या ओळीसकट. म्हटलं, “आत्या, तू सांगायचीस ती नाशिकची गाडी त्यात नाहीच आहे. मी बघितलाय. शेवटी आरती आहे.”

तिने थालीपिठाचा तुकडा लोण्यात बुडवला.

“तू टीव्हीवर बघितलास,” ती म्हणाली. “टीव्हीवाले वेळ भरली की कापतात. मी थिएटरात बघितलाय. गाडी आहे, घाटपण आहे, आणि खिडकीची जागा तिला कोणी उठून दिलेली नाही, ती आधी जाऊन बसलेली असते.”

मग सूनबाईंना हाक मारून म्हणाली, “हिला अजून एक वाढ, आणि तो टीव्ही बंद कर जरा. मी हिला पहिल्यापासून सांगते.”